भोपाळचा हुकूम आणि दसरा बँड

सुधाताईने मोठ्या ढोलाला शेवटचं हळदकुंकू लावलं आणि मागे सरून सगळ्या मांडणीवर एकदा नजर टाकली. पांढऱ्या चादरीवर सतरा वाद्यं होती. चिंचेने घासलेलं पितळ सकाळच्या उन्हात असं लखलखत होतं की ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या त्या दोन खोल्या एरवीपेक्षा मोठ्या वाटत होत्या. दसऱ्याला इतर मराठ्यांच्या घरी तलवारी पुजतात. सुधाताईचे वडील संभाजीराव जगदाळे यांच्या घरीही एक तलवार होती, पण ती कोपऱ्यात टेकवलेली, झेंडूच्या एका फुलावर समाधान मानून. मान सगळा बाज्यांचा.

“वन्सं, जरा आत येता?” कुमुदिनी दारात उभी होती. सुधाताईच्या भावाची, कान्होजीची बायको. इंदूरची. चार वर्षांत दोघींनी स्वयंपाकघरात एकत्र पुष्कळ पोळ्या लाटल्या होत्या, पण कुमुदिनीने आपणहून हाक मारून आत बोलावलं असं क्वचितच झालं होतं.

चुलीजवळ जाऊन कुमुदिनी हळूच म्हणाली, “यांचा हुकूम आला. शुक्रवारी. भोपाळ. एक नोव्हेंबरच्या आत हजर व्हायचंय.”

सुधाताईच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. मध्यभारत मोडणार, नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळला जाणार, हे गावात सहा महिने चाललं होतं. भाजीवाल्यालाही ठाऊक होतं. पण सचिवालयातल्या एवढ्या कारकुनांत आपल्या भावाचं नाव निघेलच असं तिला वाटलं नव्हतं.

“आबांना सांगितलं?”

“कुणालाच नाही. कोटाच्या खिशात घालून हिंडताहेत. आज सांगतो म्हणतात.” कुमुदिनी थांबली. “मला आबासाहेबांची भीती नाही वाटत, वन्सं. मला दाजींची वाटते.”

दाजी म्हणजे सुधाताईचा नवरा, उमाजी. ती भीती सुधाताईलाही वाटत होती. दसरा बँड म्हटलं की लोकांना दोन वाद्यं आठवायची, कान्होजीचं पितळी कॉर्नेट आणि उमाजीचं क्लॅरिनेट. आणि बँड हा उमाजीचा जीव होता.

“पूजा होऊ दे,” ती म्हणाली. “नैवेद्य झाला की मी बघते. तू पुढे येऊ नकोस. तुझ्यावर खापर फुटेल.”

कुमुदिनीने वर बघितलं. सासरी आपल्याला कुणी पाठीशी घालेल याची तिला सवय नव्हती.

*

अकराला वादक जमले. बिर्लानगरच्या मिलमधून सकाळची पाळी बदलून उमाजी आला, मुरारहून म्हातारे मल्हारराव ढोलवाले टांग्याने आले. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला. संभाजीरावांनी एकेका वाद्याला अक्षता वाहिल्या आणि कान्होजी भिंतीला टेकून ते बघत राहिला. कोटाच्या आतल्या खिशात हुकूम होता.

हे सगळं कसं उभं राहिलं ते त्याला पाठ होतं. एकावन्न साली संस्थानाच्या पलटणी हिंदुस्थानच्या फौजेत विलीन झाल्या, तेव्हा मुरारच्या छावणीत वादकांची निवड झाली. बावीसांतले सहा घेतले, सोळांना घरी जा म्हणाले. सहांत खुद्द बँडमास्तर संभाजीराव होते आणि पहिल्या क्लॅरिनेटचा उमाजी होता. दोघांनी नकार दिला. “सोळा माणसं रस्त्यावर टाकून मी वर्दी घालणार नाही,” असं मास्तर म्हणाले. हे वाक्य मुरारपासून किला गेटपर्यंत लोक अजून सांगत.

पलटणीने मोडीत काढलेली वाद्यं त्यांनी मिळवली, डाग देऊन दुरुस्त करून घेतली, आणि त्याच दसऱ्याला माधवगंजच्या चौकात उभे राहिले. वर्दी नव्हती. प्रत्येकाने घरातला बरा कोट घातला होता. कुणीतरी ओरडलं, “बारात कहाँ है भाई?” लोक हसले. मग संभाजीरावांनी छडी उचलली. पहिल्या कवायतीच्या चालीनंतर कुणी हसलं नाही.

पण बँडचं नाव झालं ते पुढच्या हिवाळ्यात. उन्हाळ्यात मध्यभारताची दफ्तरं इंदूरला जायची, हिवाळ्यात ग्वाल्हेरला परत यायची, आणि दफ्तराबरोबर कान्होजीही. त्यामुळे त्याच्या आणि उमाजीच्या हाती फक्त हिवाळा असे. त्या हिवाळ्यात दोघं रोज संध्याकाळी गच्चीवर बसत. उमाजी शहरातल्या लष्कर भागात एका गवयाच्या घराबाहेर ओट्यावर बसून वर्षानुवर्षं ख्याल ऐकत आला होता. त्याच्या डोक्यात भूप राग होता. कान्होजीला तो पितळात उतरवायचा होता. कॉर्नेटवर मींड येत नाही, सूर पायरीसारखे तुटक पडतात. तीन महिने खटपट केल्यावर एका संध्याकाळी कान्होजीने कळ पूर्ण न दाबता अर्धीच दाबली आणि गंधार घसरत, रेंगाळत रिषभावर आला. उमाजीने क्लॅरिनेट खाली ठेवलं आणि मेहुण्याच्या पाठीत असा रट्टा मारला की कॉर्नेट हातातून निसटता निसटता राहिलं.

ती भूपाची चाल. कवायतीच्या ठेक्यावर चालणारा ख्याल म्हणा. ती ऐकायला एकदा एक बुजुर्ग गवई आले होते, बाजेवाल्यांची खोड मोडायलाच. त्यांनी वाहवा केली नाही, मानही हलवली नाही. दुसऱ्या आवर्तनाला जोडे काढून सतरंजीवर बसले, एवढंच. उमाजी त्या दिवशी घरी जेवला नाही. पोट भरलंय म्हणाला.

“दादा,” उषा कानाशी येऊन कुजबुजली. धाकटी बहीण. मुलींच्या शाळेत शिकवायची आणि आबांचे डोळे अधू झाल्यापासून बँडच्या स्वरलिपीच्या वह्या तीच उतरवायची. “बोलून टाक न. कब तक छुपाओगे? ताईचा चेहरा बघ, आता तीच बोलेल.”

कान्होजीने खिशातला कागद काढला. “आबा, माझा तबादला झालाय. भोपाळला. अठ्ठावीसला निघायचं.”

*

प्रसादाची वाटी फिरायची थांबली. सचिवालयातले आणखी दोन वादक होते, त्यांनी माना खाली घातल्या.

“तुम्ही दोघंही?” उमाजीने विचारलं.

त्यांनी होकार दिला.

“म्हणजे सगळ्यांना मालूम. फक्त मलाच नाही.” उमाजी उठून उभा राहिला. “कान्होजी, हुकूम आला, ठीक आहे. कुणालाही येतो. तू काय जवाब दिलास?”

“जवाब काय द्यायचा, दाजी? सरकारी हुकूम आहे.”

“मलाही सरकारी हुकूम होता. छापील. माझं नाव तिसरं होतं. फौज, वर्दी, पेन्शन. मी दिला ना जवाब?” त्याचा आवाज चढला. “राजीनामा दे. मिलमध्ये मी शब्द टाकतो. सहा महिन्यांत तुला लावून नाही दिलं तर नाव बदल माझं.”

“मिलमध्ये त्यांची छाती टिकेल?” कुमुदिनी दारातून म्हणाली. पुढे येऊ नकोस असं सांगितलेलं तिच्या लक्षात राहिलं नाही. “कॉर्नेट फुंकायला छाती लागते दाजी. कापसाच्या धुळीत किती दिवस फुंकतील?”

“मी फुंकतोच आहे ना.”

“आणि रात्रभर खोकताय,” सुधाताई म्हणाली.

उमाजी बायकोकडे बघतच राहिला. सगळ्या वादकांसमोर तिने कधी त्याचा शब्द अडवला नव्हता.

“तुम्ही सोडलंत, मला त्याचा अभिमान आहे,” ती म्हणाली. “पण सोडणारे तुम्ही दोघंच नव्हता. मुरारचं क्वार्टर आईने सोडलं. ती कोरडी, हवेशीर जागा. छातीचं दुखणं होतं तिला. इथे आल्यावर दुसरा हिवाळा तिने बघितला नाही. कान्होजीला सोड म्हणायच्या आधी कुमुदला विचारा.”

घरात आईचं नाव या बाबतीत कुणी काढत नसे. उषाने आबांकडे बघितलं. कान्होजीने बघायचं टाळलं.

संभाजीराव इतका वेळ चादरीच्या कडेला मांडी घालून बसले होते. पन्नाशी उलटलेले, ताठ पाठीचे गृहस्थ. त्यांनी हातातल्या उरलेल्या अक्षता ताम्हनात टाकल्या.

“उमाजीराव, बसा.”

“मास्तरसाहेब, तुम्हीच सांगा त्याला. तुम्ही सोळांसाठी...”

“मी सोळांसाठी सोडली नाही.”

खाली चौकात कुणी पिपाणी वाजवत होतं. 

“मला घेतलं होतं ते मास्तर म्हणून नाही,” संभाजीराव म्हणाले. “दुसऱ्या एका मास्तराच्या हाताखाली, ओळीत उभं राहून वाजवायला. माझ्याहून बारा वर्षांनी लहान होता तो. चांगला होता, वाईट नव्हता. पण मला ते सहन झालं नाही. मी निवडीच्या टेबलापाशी नाही म्हणून आलो तेव्हा खरं सांगतो, या सोळांतला एकही मला आठवला नव्हता. बाहेर आलो, हे सगळे लिंबाखाली बसले होते. मल्हाररावांनी विचारलं, काय झालं मास्तर? आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघालं. तुम्ही लोकांनी ते उचललं. मी उचलू दिलं.”



“सुधाच्या आईला ठाऊक होतं. तिने कधी कुणाला सांगितलं नाही. मरेपर्यंत नाही.”   “माझ्या एका थापेच्या दावणीला पोराला बांधू नका. कान्होजी, तू जा. बँड राहिला तर राहील.”

मल्हारराव म्हातारे हसले. तोंडात चारच दात होते. “मास्तर, आम्ही सोळा जण काय दूधखुळे होतो? तुमचा ताठा आम्ही वीस वर्षं बघत होतो. पण आलात ना तुम्ही आमच्यात? ताठ्याने आलात की मायेने आलात, आम्हाला बाजा मिळाला.”

एकदोघे हसले. कान्होजीला वाटलं, सुटलो. पण उमाजी हसला नाही. तो वाकला, चादरीवरून आपलं क्लॅरिनेट उचललं, त्याच्यावरचं कुंकू रुमालाने पुसलं आणि कुणाकडेही न बघता जिना उतरून गेला.

त्या दसऱ्याला चौकात लोक रात्री बारापर्यंत थांबले आणि मग पांगले. पाच वर्षांत पहिल्यांदा दसऱ्याला बँड वाजला नाही.

*

पुढचे नऊ दिवस उमाजीच्या किला गेटच्या घरात क्लॅरिनेट फळीवर पडून होतं. उमाजी मिलमध्ये जायचा, यायचा, जेवायचा. सुधाताईशी बोलायचा, पण मीठ कमी आहे आणि पाणी आलं का, एवढंच. आपण चारचौघांत त्याला तोडलं याची बोच तिला होती. बोललेल्या शब्दाचा पस्तावा मात्र नव्हता. दोन्ही एकदम मनात घेऊन ती भांडी घासायची.

दहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर उषा आली. काखेत वह्यांचा गठ्ठा.

“दाजी, हे बघून द्या न जरा. दादासाठी सगळ्या चालींची एक नक्कल केली. तिथे तिघं आहेत, चौथा-पाचवा मिळेलच कुणी. और ये दूसरा अपने लिए. भूप मी दोन क्लॅरिनेटांसाठी बसवून बघितला. कॉर्नेट नाही तर नाही. लेकिन वो जगह अटक गई.”

“कुठली?” उमाजीच्या तोंडून निघून गेलं.

“गंधारावरून उतरताना. ती अर्धी कळ कागदावर कशी लिहायची? दादाला विचारलं तर म्हणतो, मला सांगता येत नाही, दाजींना विचार. त्यांनी ती ऐकली म्हणून ती आहे.”

उमाजीने वही घेतली. बराच वेळ पानावर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, “ठेवून जा.”

उषा गेल्यावर सुधाताई त्याच्यासमोर चहा ठेवून खाली बसली. “एक विचारू? रागावणार नसाल तर.”

“विचार.”

“आबांचं कारण त्यांनी सांगितलं. तुम्ही का सोडलीत फौज?”

“सांगितलंय ना शंभरदा. सोळा...” तो थांबला. चहाचा पेला हातात फिरवत राहिला. 

“मुरारला एकदा तालीम चालली होती,” तो म्हणाला. “मोठी परेड दोन दिवसांवर. मास्तरांनी मध्येच छडी आपटून सगळं बंद केलं. म्हणाले, उमाजी, तो सूर पुन्हा लाव. मला वाटलं चुकलो. घाबरत लावला. ते डोळे मिटून उभे राहिले. पुन्हा लाव म्हणाले. चूक नव्हती गं. त्यांना तो ऐकायचा होता. बावीस माणसं खोळंबली, वर साहेब बघत होता, आणि हा माणूस एका सुरासाठी उभा.” त्याने पेला खाली ठेवला. “फौजेत गेलो असतो तर असा कान मला कुठे मिळाला असता?”

“मग तुम्हीही सोळांसाठी नाहीच सोडली.”

उमाजी खांदे हलवत, खोकत हसायला लागला. “नाही,” तो म्हणाला. “तेव्हा ते सोळा मला पण आठवले नव्हते.”

त्याने फळीवरून क्लॅरिनेट काढलं. उषाची वही उघडी ठेवून तो गंधारावरची ती उतरण वाजवत बसला, अंधार पडेपर्यंत. एकदाच त्याने मान वर केली. “त्या दिवशी आईंचं बोललीस ते बरं केलंस,” म्हणाला. “कुणीतरी बोलायलाच हवं होतं.”

*

अठ्ठावीस तारखेच्या सकाळी ग्वाल्हेरच्या फलाटावर ट्रंका, वळकट्या, पाण्याच्या सुरया आणि रडणाऱ्या सासुरवाशिणी यांची एकच गर्दी होती. अर्धं दफ्तर निघालं होतं. कुमुदिनीने खिडकीची जागा धरली होती. सुधाताई खिडकीतून तिच्या हातात डबा देत होती आणि भोपाळची हवा, तलावाचं पाणी, छातीला काय चोळायचं, असं सगळं एकदम सांगत होती.

“वन्सं, दिवाळीला या,” कुमुदिनी म्हणाली. “खरंच या. मी वाट बघेन.”

कान्होजी डब्याच्या दारात उभा राहून पुलाच्या जिन्याकडे बघत होता. मास्तर येणार हे त्याला ठाऊक होतं. ते आलेच, बँड घेऊन, चौदा जण, घरातले बरे कोट घालून. मल्हाररावांचा ढोल दोघांनी उचलून आणला. सगळ्यात शेवटी जिना उतरला तो उमाजी.

तो सरळ डब्यापाशी आला. काही बोलायच्या आधी त्याने वर चढून कान्होजीच्या पाठीत एक रट्टा मारला.

“अर्धी कळ तिथल्या कुठल्याही गाढवाला शिकवू नकोस,” तो म्हणाला. “आधी कान तपास त्याचा.”

“दाजी, मी...”

“बाजा काढ. वेळ नाही.”

कान्होजीने कॉर्नेट काढलं. त्याचे दोघे सोबती आपापल्या खिडकीतून वाद्यं बाहेर काढून बसले. फलाटावर संभाजीरावांनी छडी उचलली आणि भूप सुरू झाला. हमालांनी ओझी खाली ठेवली. चहावाला किटली घेऊन तसाच उभा राहिला. कॉर्नेट डब्याच्या दारातून आणि क्लॅरिनेट खालून, दोघं एकमेकांना सूर देत घेत राहिले, जसे गच्चीवर द्यायचे. गार्डाने शिटी दिली ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

गाडी हलली. कान्होजीने वाजवणं थांबवलं नाही. फलाट मागे सरकायला लागला. आधी उषा मागे गेली, मग ताई, मग वादकांची ओळ लहान होत गेली. बँडचा आवाज आता त्याच्यापर्यंत जरा उशिरा पोचत होता. त्या आवाजाशी जुळवून घेताना त्याचा स्वतःचा सूर मागे पडायला लागला. त्याचा सूर मागे पडलेला तिकडे आणखी उशिरा ऐकू जात असणार, हे त्याला कळत होतं.

आणि मग त्याच्या कानावर आलं की बँड थांबतोय. बंद पडत नव्हता. ठेका लांबला होता, पावलामागे पाऊल रेंगाळत होतं. आबा त्याच्यासाठी लय ओढून धरत होते. मोठमोठे साहेब घोड्यावरून उतरेपर्यंत ज्यांनी कधी अर्धी मात्रा वाट बघितली नाही, ते फलाटावर छडी धरून, गाडीने नेलेल्या एका कॉर्नेटची वाट बघत होते. चाल मोडायला आली होती. चौदाही जण तिला तशीच सांभाळत होते.

कान्होजीने गंधार लावला, अर्ध्या कळेने तो रिषभावर आणून सोडला, आणि कॉर्नेट ओठांवरून काढलं.

“थांबलात का?” कुमुदिनीने विचारलं. “ऐकू येतंय अजून त्यांना.”

“म्हणूनच,” तो म्हणाला.

दाराची दांडी धरून तो बाहेर झुकला. दोन-तीन आवर्तनं तिकडे ठेका तसाच अडखळत राहिला. मग मल्हाररावांचा ढोल एकदा जोरात पडला, लय उचलली गेली, आणि गाडीच्या खडखडाटातून त्याला उमाजीचं क्लॅरिनेट वर चढताना ऐकू आलं, दोघांचंही काम एकट्याने करत, पूर्ण चालीत.